कलाजंगाची तोड

अमरावती,
नागपंचमी, १९५८

चि. सूर्यभान यास,

आशीर्वाद पाठवते. घ्यायचा की परत करायचा ते तू बघ. मागची दोन पत्रं तशीच परत आली. हेही आलं तर मी पुन्हा पाठवीन, टपालवाल्याचं पोट तरी भरेल.

सोबत एक डबी आहे. फेकायच्या आधी उघड. आत पत्ते आहेत, पण तंबूमागे बसून तीनपानी खेळायचे ते नव्हेत. हा खेळ मी केला आहे. नाव ठेवलं 'आखाडा'. आबांच्या तालमीतले सगळे डाव यात आहेत: ढाक, एकलंगी, सवारी, धोबीपछाड आणि बाकीचे. डावांच्या तोडी वेगळ्या पत्त्यांवर आहेत. एकानं डाव टाकायचा, दुसऱ्यानं तोड टाकायची. तोड हातात नसली की चीत. चित्रं तुझ्या भाटव्यांनी, म्हणजे आमच्या घरच्या ड्रॉइंगमास्तरांनी काढली. ते स्वतः फुंकर मारली तर पडतील असे आहेत, पण त्यांनी काढलेल्या मांड्या बघ.

पोरीच्या जातीला तालमीत पाय ठेवता येत नाही, भिंतीवर बसता येतं. हिवरखेडच्या तालमीची ती पडकी भिंत माझी शाळा होती. तिथं बसून जे पाहिलं ते या डबीत घातलं, ज्यांना आत जाता येत नाही त्यांच्यासाठी. डबीवर छापलं आहे: 'वस्ताद पुंजाजी यांच्या तालमीतील डावांवरून, रचना: जमुनाबाई.' आबांनी बोट फिरवून माझ्या नावापर्यंत वाचून घेतलं आणि म्हणाले, "नाव कायले टाकलं?" मी म्हटलं, "काम केलं म्हनून."

कलाजंग, खांद्यावर आडवं उचलून फेकायचा तो तुझा डाव, त्याच्या पत्त्यावर तू आहेस. अकोटच्या कुस्त्यांच्या दंगलीतला तुझा फोटो माझ्याकडे होता, त्यावरून मास्तरांनी काढला. नाव घातलं नाही. आबांनी तरी ओळखलं, आणि तेवढाच पत्ता पालथा ठेवून बाकीचे पाहिले.

सात वर्षं झाली. अकोल्याच्या त्या तंबूत तिकीट लावून तुझी कुस्ती झाली, तू पडलास, आणि पहिल्या रांगेतले आबा उठून उभे राहिले. 'नुरा खेळला, ठरवून पडला, हा माहा पोरगा नाई,' असं भर तंबूत म्हणाले. तू त्यावर हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस, घरीही आला नाहीस. बाप तसा बेटा. मी थोरली बहीण म्हणून तुझी बाजू घेत नाही आणि लेक म्हणून त्यांचीही घेत नाही. मला फक्त तुझा पत्ता हवा होता, तो आता मिळाला आहे, आणि मी तो सोडणार नाही.

खेळून बघ. कसा वाटला ते लिही.

तुझी बाई,
जमुना

अमरावती,
२१ सप्टेंबर १९५८

चि. सूर्यभान,

डबी परत आली नाही. म्हणजे उघडलीस. बरं वाटलं.

खेळ छापला की तो आपला राहत नाही, असं मास्तर म्हणतात. वर्तमानपत्रांकडे अभिप्रायाला पाठवावा लागतो. पाठवला. आता अभिप्राय ऐक.

नागपूरच्या एका दैनिकानं लिहिलं: 'चित्रे सुबक, कागद जाड, डबी आकर्षक.' उघडून पाहिली नसावी. एका महिला मासिकानं लिहिलं की गृहिणींनी असल्या रांगड्या विषयात शिरण्यापेक्षा भाज्या ओळखण्याचा खेळ रचला असता तर उपकारक झाला असता. ज्या घरी वांगं ओळखायला पत्ते लागतात त्या घरी मी जेवायला जाणार नाही. तुमच्या अकोल्याच्या साप्ताहिकात कुणी 'क्रीडाभक्त' आहेत. त्यांना खेळ फार आवडला. पण त्यांच्या मते तो कुण्या पहिलवानानं रचला असणार आणि बाईचं नाव कौतुकापोटी घातलं असणार. मी त्यांना चिठ्ठी लिहिली की या, धोबीपछाड कुठल्या खांद्यावरून जाते ते मी सांगते, तुम्ही फक्त खांदा घेऊन या. उत्तर नाही.

हे सगळं हसून सोडून दिलं. चौथा अभिप्राय मात्र सोडता येत नाही.

इथं मोरोपंत म्हणून एक वकील आहेत. साप्ताहिकात पुस्तकांची, नाटकांची परीक्षणं लिहितात. माणूस कडक पण सरळ. नवराबायकोंनी रोज जेवणं झाल्यावर खेळून पाहिला आणि मग लिहिलं. उतरवून पाठवते:

'खेळ उत्तम आहे, म्हणूनच त्यातील दोष सांगणे भाग आहे. प्रत्येक डावास तोड आहे, कलाजंगास नाही. हा पत्ता ज्याच्या हाती आला त्याची कुस्ती लागण्यापूर्वीच जिंकलेली असते. हे नजरचुकीने झाले असल्यास दुरुस्त व्हावे. जाणूनबुजून केले असल्यास हा खेळ नव्हे, ही नुरा आहे.'

नुरा! माझ्या खेळाला!

दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी कबूल केलं की माणूस बरोबर बोलतो. इथल्या एका शिक्षणसंस्थेला आपल्या सगळ्या शाळांत हा खेळ ठेवायचा होता, मुलींच्या शाळांतसुद्धा. त्यांनी ते परीक्षण वाचलं आणि निरोप पाठवला: नवीन वर्षाच्या आत दोष काढा, नाहीतर राहू द्या. सूर्यभान, पोरी कुस्तीचे डाव टाकतील, शाळेत, बाकावर बसून, मास्तरणीसमोर! हे मला हवंच आहे. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप केला.

तू विचारशील, तोड घातली का नाही? मला येत नाही म्हणून. आबांनी ती तालमीत कुणालाच कधी दाखवली नाही. दुसऱ्या तालमींत कलाजंगाच्या तोडी असतील, आहेतही. पण डबीवर आबांचं नाव आहे. परक्या तालमीची तोड आबांच्या नावाखाली छापू? चोरीचं लुगडं नेसून देवळात जाण्यातली गत ती.

आबांना विचारलं. म्हणाले, "वस्ताद समदं देत नसते. एक राखून ठेवते. कलाजंगची तोड म्या फक्त सूर्यभानले देल्ली."

तर ती मला दे. येऊन दाखव, नाहीतर लिहून पाठव. उलट टपाली.

बाई

अमरावती,
१२ ऑक्टोबर १९५८

चि. सूर्यभान,

तुझं उत्तर नाही. माझं पत्र आहे.

आबा डोळे दाखवायला इथं आले होते. मोरोपंतांना कळलं, ते मुद्दाम घरी आले. उपरणं सावरून आबांसमोर बसले. मला वाटलं आता दोघांची जुंपणार, म्हणून चहा जरा लांबवला.

मोरोपंत म्हणाले, "वस्ताद, क्षमा करा, पण जगात तोड नसलेला डाव असतो का हो?"

आबा म्हणाले, "नसते ना वकीलसाहेब. तोड हाय. पोट्ट्याले देल्ली. पोट्टं गेलं, तोड गेली."

"मग सोपं आहे. तो एक पत्ता काढून टाका. खेळ निर्दोष होईल."

मास्तरांनीही मान हलवली. संस्थेचे चिटणीस हेच म्हणतात, छापखान्याचा मालक हेच म्हणतो. एक पत्ता काढायचा, बाकीचा खेळ तसाच उभा आहे. आबांनी खाली बघितलं आणि अंगठ्यानं सतरंजीचा दोरा ओढत बसले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मला त्यांचा राग आला.

मी म्हटलं, "तो पत्ता निघणार नाही."

मोरोपंत म्हणाले, "वहिनी, कारण?"

काय सांगू परक्या माणसाला? म्हटलं, "कलाजंगाशिवाय आमची तालीम नाही." ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं तुला लिहिते. घरातून तुला काढलं तेव्हा मी इथं सासरी होते, मला कुणी विचारलं नाही. आता या पत्त्यांतून तुला काढायचं तर मला विचारावं लागतं, आणि मी नाही म्हणते. खेळ शाळांत गेला नाही तरी चालेल. उरलेल्या डब्या माळ्यावर पडतील, मी जन्मभर त्यांच्याकडे बघत बसेन. पण तुला गाळून माझा खेळ निर्दोष होणार असेल तर तो दोष मला हवा आहे.

हे मी रडत लिहीत नाही. रागानं लिहिते आहे. तोड पाठव.

बाई

हिवरखेड,
भाऊबीज, १९५८

चि. सूर्यभान,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच, पहिलवानानं दौत उपडी केल्यासारखं. दोन ओळी: 'आबानं मले तोड देल्ली नाई. आबालेच इचार, मले या खेळात ओढू नको.'

विचारलं. त्यासाठीच माहेरी आले. आज ओवाळायला कुणी नव्हतं. ताम्हण तयार केलं होतं, का केलं मलाही ठाऊक नाही. शेवटी देवाला ओवाळलं आणि ताम्हण खाली ठेवून तुझं कार्ड आबांना वाचून दाखवलं.

"पुना वाच," म्हणाले.

पुन्हा वाचलं.

"खोटं नाई बोलून राहिला पोट्टा."

"म्हंजे तुमी खोटं बोलले?"

त्यांनी अडकित्ता घेतला, सुपारी कातरली. मग म्हणाले, "जमुने, माह्या वस्तादानं मलेच तोड देल्ली नोयती. तं म्या त्याले कोठून देऊ?"

मला हसू आवरेना आणि रडूही. "मंग इतके वर्स राखून ठेवली, राखून ठेवली, काय सांगत होते लोकाईले?"

"वस्तादाच्या हातात काईच नाई असं शागिर्दाले समजलं, तं तालीम एक दिवस चालन का? माह्या वस्तादानं बी असंच केलं असन."

झाली ती झाकली मूठ सव्वा लाखाची! तुला वाटत होतं आबांनी तुझ्यापासून लपवलं, तालमीला वाटत होतं तुला दिलं, आणि मुळात कुणाकडेच काही नव्हतं. ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही असं आबांनी बजावलं आहे. तुला सांगते, कारण तू बाहेरचा नाहीस.

त्यांना वाटलं आता मी गप्प बसेन, पत्ता काढेन. मी त्यांना सांगितलं: कुणी दिली नसेल तर शोधावी लागेल. आबा म्हणाले, "तू शोधतं?" मी म्हटलं, "मंग कोन शोधन? तुमाले तं येत नाई."

उद्या परत जाते.

बाई

अमरावती,
३० नोव्हेंबर १९५८

चि. सूर्यभान,

सापडली. नीट वाच.

मी गाद्या अंथरल्या आणि मास्तरांना म्हटलं, उभे राहा, मी तुमच्यावर कलाजंग लावते. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग कपाळाला हात लावला. पण उभे राहिले. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, लोक काहीही म्हणोत. मी गुडघा टेकून खाली शिरले, हात ओढला, मांडी धरली आणि खांद्यावर आडवं घेतलं. त्यांचं वजन ते किती. रोज असंच चाललं. ते वर धडपडायचे, मागे ओढायचे, मी सहज फेकायचे. जितकं मागे ओढतील तितका मला जोर मिळायचा.

एक दिवस मी उठताना त्यांचा चष्मा सुटला. तो धरायला ते मागे न ओढता एकदम पुढं, माझ्या डोक्याच्या बाजूनं झेपावले आणि आधाराला त्यांनी मागून माझी मांडी पकडली. मी तोंडावर गेले, तशीच उलटले, पाठीवर आले. मास्तर माझ्या छातीवर. चष्मा शाबूत.

तिथंच पडल्या पडल्या मला सगळं आठवलं. लहानपणी तू माझ्यावरच कलाजंग घोटायचास. तुरीचं पोतं उचलून फेकलं की फाटतं म्हणून आबा ओरडायचे, तेव्हा तू मला उचलायचास, अंगणात, संध्याकाळभर. तुझ्या खांद्यावर मी जेवढी चढले तेवढं कुणी चढलं नसेल. सगळे पहिलवान तो डाव खालून ओळखतात, मी वरून ओळखते. उठताना तुझा सगळा भार पुढच्या गुडघ्यावर येतो. त्या वेळी वरच्यानं मागे ओढलं तर तू सावरतोस. पुढं गेलं आणि मांडी अडकवली तर तुला सावरायला जागाच नाही. घाबरलेला माणूस पुढं जात नाही, म्हणून आजवर कुणाला सापडलं नाही.

पण मास्तर आणि मी गादीवर पडलो याला कोण तोड म्हणेल? मी मोरोपंतांना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मी मान्य करतो, पण माझ्या मान्यतेला काय अर्थ? खऱ्या पहिलवानावर चालायला हवी, आणि तुमच्या वडिलांनी हो म्हणायला हवं." बरोबर आहे.

कलाजंग लावणारा तुझ्यासारखा माणूस दुसरा नाही. म्हणून १४ डिसेंबरला, रविवारी, हिवरखेडला ये. अकोटाहून सकाळची मोटार आहे.

आबांना मी विचारलं नाही, कळवलं. ते म्हणाले, "त्यानं माह्या मातीत पाय ठेवू नये. अन् मातीत बाई तं नाईच नाई." मी म्हटलं तुमच्या मातीत दोघंही येत नाही, आम्ही खळ्यात करू. ज्वारीची कणसं अजून यायची आहेत, खळं मोकळं आहे, वर कुटाराच्या भुशाचा जाड थर पसरू. खळ्यात तर बायाच राबतात, तिथं आमच्या पायानं काय बाटतं? मी काष्टा घालून येईन, वावरात सगळ्याजणी घालतात तसा. गाव काय म्हणेल ते म्हणू दे. भावानं बहिणीला उचललं तर गावाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

आता महत्त्वाचं. माझ्यावर दया करायची नाही. उभं राहता आलं तर उभा राहा. मला फेकता आलं तर फेक. तोड खोटी निघाली तर मी स्वतः संस्थेला लिहीन की खेळात दोष आहे आणि तो मला दुरुस्त करता येत नाही, आणि विषय संपला. पण तुझ्या मेहेरबानीनं खरी ठरलेली तोड मी पोरींना शिकवणार नाही.

ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. ये मात्र.

बाई

हिवरखेड,
१६ डिसेंबर १९५८

चि. सूर्यभान,

तू का गेलास ते मला माहीत आहे. तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

तू आलास हेच मला पुष्कळ होतं. मोटारीतून उतरून तू सरळ खळ्यावर आलास, घराकडे वळला नाहीस. आबा कडेच्या धुऱ्यावर, बांधावर बसून होते, तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस, त्यांनी तुझ्याकडे. मोरोपंत आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई छत्री लावून बाजेवर. गाव न बोलावता आलेलं. तंबूच्या जाहिरातीतला 'विदर्भ का शेर' बघायला आले होते की काष्टा घातलेली जमुना बघायला, देव जाणे.

पहिल्यांदा तू मला उचललंस आणि फेकलंस. मी पुढं जायला क्षणभर उशीर केला. पाठ सणकून निघाली, प्रमोदिनीबाई ओरडल्या, मास्तर उठून उभे राहिले. तू हात दिलास आणि हळूच म्हणालास, "बाई, बस झालं." मी म्हटलं, "पुन्हा." मला तेव्हा फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. फेकलंस म्हणजे तू खरा खेळत होतास.

दुसऱ्यांदा तू पडलास.

आणि मग कुणीतरी मागून ओरडलं, "नुरा! बहिनीसाठी पडला!" लोक हसले. दुसरा म्हणाला, "सवय हाय त्याले!" तू कुटार झटकलंस, टोपी घातलीस आणि अकोटच्या वाटेला लागलास. मी हाका मारल्या. तू ऐकल्यास, मला माहीत आहे, कारण तुझी पावलं जोरात पडायला लागली.

माझ्याही मनात आलं. तुझ्यापासून लपवणार नाही. पहिल्यांदा फेकलं ते फक्त दाखवायला असेल, मग वाटलं असेल, आता पडावं, बाईचा शब्द खाली पडायला नको. मी खळ्याच्या मधोमध उभी होते आणि जिंकले की नाही ते मलाच कळत नव्हतं. असं कधी कुणाचं होऊ नये.

मोरोपंत उठले. खिशातून कागद काढला आणि आबांपाशी गेले. म्हणाले, "वस्ताद, मी लिहिणार आहे. काय लिहू? तोड खरी, की नुरा? मला कुस्ती कळत नाही, तुम्हाला कळते."

आबा धुऱ्यावरून उतरले. ते खळ्यात आले, माझ्याकडे न बघता तू पडलास तिथं गेले आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले. कुटारात तुझी पाठ उमटली होती, खांद्याचा खड्डा वेगळा, टाचांची खूण वेगळी. आबांनी चहूकडून फिरून ते पाहिलं. डोळे अधू झाले तरी ते बघायला त्यांना डोळे लागत नसावेत.

मग जो ओरडला होता त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "ये इकडे. दाखव मले हाताची खूण."

तो जागचा हलला नाही.

"ठरवून पडते तो मानूस आंधी हात टेकते. हाड मोडू नये म्हनून टेकते, त्याले ठावं असते ना आपन पडनार हाव. अकोल्याले तंबूत यानं हात टेकला होता. समद्या तंबूत म्या एकट्यानं पाह्यला होता." मग त्यांनी कुटारातल्या खुणेकडे बोट केलं. "इथं हात कोठी हाय? खांदा सरका भुईले भिडला, हात अंगाखाली सापडला. त्याले पडायचं नोयतं. माहा पोट्टा खरा पडला. वकीलसाहेब, असं लिवा."

मोरोपंतांनी लिहिलं. पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. सात वर्षांत आबांच्या तोंडून 'माहा पोट्टा' आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा तू निम्म्या वाटेवर होतास.

लोक पांगले. आबा माझ्यापाशी आले. मला वाटलं तोडीबद्दल काही बोलतील, शाबासकी देतील. ते म्हणाले, "गेला काऊन तो? जेवला बी नाई."

तोड छापायला जाते आहे. तिच्या पत्त्यावर मास्तर मला काढताहेत, काष्ट्यासह. संस्थेच्या चिटणीसांना चालणार नसेल तर त्यांनी तो पत्ता डोळे मिटून खेळावा. डबीवर तुझं नावही घालते, विचारत नाही.

एकच अडचण आहे. कालपासून ज्वारीची कणसं बांधावर येऊन पडली आहेत, बैल उभे आहेत, माणसं काल आली, आज आली आणि परत गेली. आबा खळ्यात बाज टाकून बसले आहेत आणि तुझी पाठ उमटली त्या जागेवर कुणाला पाय ठेवू देत नाहीत, कोंबडीसुद्धा हाकलतात. मळणी कधी, असं विचारलं की म्हणतात, "थांबा. त्यानं पाहून जाऊ द्या."

तेव्हा रविवारी ये. यंदाची ज्वारी तुझ्यामुळे अडली आहे.

बाई